वर्णानुक्रमे ऐकलेलं दशक

२००० ते २००९ या दशकातले रॉक-पॉपचे सगळ्यांत महत्त्वाचे अल्बम कोणते, यावर तिकडच्या समीक्षकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. दशक संपता संपता अमेरिकेतलं 'रोलिंग स्टोन' मासिक आणि 'पिचफोर्क' ही संगीताची वेबसाइट यांनी याद्या काढल्या, त्या दोन्हींत रेडिओहेड या इंग्लिश बँडचा 'किड ए' पहिला. लंडनच्या 'एनएमई' या संगीत साप्ताहिकाने न्यूयॉर्कच्या द स्ट्रोक्स या बँडच्या 'इज धिस इट'ला अव्वल नंबर दिला. दोन्ही अल्बम माझ्या जिव्हाळ्याचे, त्यामुळे निकालाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण या याद्या वाचताना वाटतं, की त्या दशकात जो तो दुकानात जाऊन सीडी घेत होता, वरचं प्लास्टिक नखाने फाडत होता आणि आतली पुस्तिका चाळत पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकत होता. आमच्या ठाण्यात असं ऐकणारं मला तरी कुणी भेटलं नाही.

आमच्याकडे ते दशक स्टेशनबाहेरच्या एका फळीवर आलं. स्टेशनबाहेर बससाठीचा सॅटिसचा पूल व्हायच्या आधीची ही गोष्ट. दोन क्रेट उलटे घालून त्यावर प्लायवूड, पावसासाठी वर निळी ताडपत्री, आणि पारदर्शक पिशव्यांत उभ्या लावलेल्या एमपी थ्री सीड्या. पुढे जुनी हिंदी गाणी, त्यामागे आरत्या आणि भक्तिगीतं, हाताशी रीमिक्स, आणि इंग्रजी पार कोपऱ्यात. रॉक मागितलं की फळीवाला मान वर न करता विचारायचा, "हार्ड या सॉफ्ट?" सॉफ्ट म्हणजे ब्रायन अ‍ॅडम्स आणि मंडळी. हार्ड म्हणजे उरलेलं सगळं जग. पिशवीतल्या कागदावर कुठल्या तरी बँडचा धुरकट रंगीत झेरॉक्स, खाली दहा-बारा नावं दाटीवाटीने, आणि मेटॅलिकाच्या शेजारी बिनदिक्कत बॅकस्ट्रीट बॉइज. अस्सल सीडी चारशे-पाचशेच्या घरात, त्यामुळे चाळीस रुपयांत दीडशे गाणी म्हटल्यावर कायदा-बियदा डोक्यात यायचाच नाही. सुटी गाणी घ्यायचा कायदेशीर मार्ग होता कुठे म्हणा! अ‍ॅपलने ९९ सेंटला एक गाणं विकायचं दुकान अमेरिकेत थाटलं २००३ मध्ये, भारतात ते उघडायला २०१२ चा डिसेंबर उजाडला.

त्या सीड्यांत एक गोम होती. ज्याने कुणी त्या भरल्या त्याने फायलींवरचे क्रमांक काढून टाकलेले असायचे. कॉम्प्युटरवर फोल्डर उघडलं की गाणी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने उभी राहायची आणि त्याच क्रमाने वाजायची. म्हणजे आम्ही अल्बम ऐकले ते ए टू झेड.

यामुळे काय काय झालं ते सांगते. 'किड ए'चं पहिलं गाणं 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस'. ते ई वरून सुरू होत असल्यामुळे आमच्याही फोल्डरात पहिलंच आलं. म्हणजे 'सगळं आपापल्या जागी' असं म्हणणारं तेवढं एकच गाणं आपल्या जागी, आणि पुढचा सगळा पसारा उलथापालथा. मूळ अल्बम संपतो 'मोशन पिक्चर साउंडट्रॅक'वर. त्यात पायांनी भाता मारत वाजवायचा ऑर्गन आहे, आपल्या संगीत नाटकांतली पायपेटी असायची त्या जातीचा, आणि वर वीणेसारख्या हार्पच्या तारा. एखादं नाटक संपवावं तसा बँडचा गायक थॉम यॉर्क अल्बम संपवतो. आमच्याकडे हे गाणं सातवं. शेवटी आलं 'ट्रीफिंगर्स', ज्यात एक शब्द नाही, ठेका नाही, नुसते सूर तरंगत राहतात. मग आम्ही कॉलेजच्या कँटीनमध्ये बसून मोठ्या गांभीर्याने चर्चा करायचो, की या लोकांनी शेवटी माणसाचा आवाजच काढून टाकला, केवढं हे धाडस! धाडस फळीवाल्याचं होतं.

हे सगळं उकरून काढायचं कारण माझा भाचा. त्याने रेकॉर्ड प्लेअर घेतलाय. एकविसाव्या वर्षी, घोडबंदर रोडच्या सत्ताविसाव्या मजल्यावर, ज्याच्या बापाने कॅसेटीसुद्धा भंगारात घातल्या त्याच्या मुलाने. मला म्हणाला, "आत्या, तुझ्या दशकातले दहा अल्बम सांग. पण नीट विचार करून सांग, एकेक रेकॉर्ड तीन-साडेतीन हजाराला पडते." पहिली रेकॉर्ड मी घेऊन द्यायची असंही त्याने बोलता बोलता कबूल करून घेतलं. आता यादी करणं आणि पदरचे पैसे घालून यादी करणं यांत फरक आहे. मी आठवडाभर विचार करत होते.

विचारांती माझी कसोटी ठरली ती अशी. त्या दशकात अल्बमची मोडतोड झाली. १९९९ मध्ये इंटरनेटवर एकमेकांची गाणी फुकट उतरवून घ्यायचं नॅपस्टर आलं, मग काझा, लाइमवायर, हॉस्टेलच्या लॅनवरची देवाणघेवाण, आमची फळी. गाणं सुटं झालं. तेव्हा त्या दशकाचा अल्बम तो, ज्याने या मोडतोडीला काहीतरी उत्तर दिलं. कुणी मोडूनही शाबूत राहिलं, कुणी मोडता येऊ नये अशी बांधणी केली. ज्यांना कशाचाच पत्ता नव्हता ते कितीही गोड असोत, माझ्या यादीत नाहीत. (नोरा जोन्स, माफ कर. पंडित रविशंकरांची मुलगी म्हणून आमच्या आईने आवडीने ऐकलेला एकमेव इंग्रजी अल्बम तुझा, 'कम अवे विथ मी'. २००३ मध्ये त्याने ग्रॅमींची लयलूट केली. पण त्याला १९७२ मध्येही चाललं असतं.)

या कसोटीवर लिंकिन पार्क या अमेरिकन बँडचा 'हायब्रिड थिअरी' सहज वर येतो, आणि याद्या करणाऱ्या शहाण्यांना तो चालत नाही याचा मला राग आहे. २००१ मध्ये अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपलेला हा अल्बम. बारा गाणी, अडतीस मिनिटांच्या आत आटोपतं. कुठल्याही क्रमाने लावा, काही बिघडत नाही. प्रत्येक गाणं एकाच साच्यातलं: दबकं कडवं, माइक शिनोडाचं रॅप, आणि मग चेस्टर बेनिंग्टनचा गळा फाडून आलेला मुखडा. समीक्षकांना हा साचा खुपला. आम्हाला तो साचा म्हणजे आधार वाटला. इंग्रजी गाण्यातले शब्द ठाण्याच्या मराठी माध्यमातल्या पोरांना पहिल्यांदा धडाधड कळले ते या अल्बममध्ये, कारण चेस्टर साधे शब्द घ्यायचा आणि ते ओरडून सांगायचा. वर्गात जी पोरं कधी तोंड उघडायची नाहीत ती 'क्रॉलिंग' लागलं की डोळे मिटून मान हलवायची. २०१७ च्या जुलैत चेस्टरने आयुष्य संपवलं तेव्हा आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, जिथे एरवी गुड मॉर्निंग आणि कर्जाचे व्याजदर चालतात, तिथे दिवसभर फक्त गाणी येत होती.

'इज धिस इट'चा मुद्दा वेगळा. स्ट्रोक्सचा गायक ज्युलियन कासाब्लांकास याचा आवाज सरावाच्या एका छोट्या अँपमधून काढून मुद्दाम खरबरीत केलेला आहे. आमच्या १२८ केबीपीएसच्या, म्हणजे आवाज दाबून लहान केलेल्या, चुरगळलेल्या फायलींत बाकी सगळे बँड केविलवाणे वाटायचे, झांजा तर बादलीतल्या पाण्यासारख्या ऐकू यायच्या. स्ट्रोक्सचं मात्र काही वाकडं झालं नाही. अकरा गाणी, छत्तीस मिनिटं, एकही फालतू नाही. अमेरिकेत सीडी निघायची होती तेवढ्यात ११ सप्टेंबर झाला, आणि न्यूयॉर्कच्या पोलिसांची टिंगल करणारं गाणं काढून त्या जागी दुसरं घालावं लागलं. आमच्या फळीवर मात्र दोन्ही गाणी होती. सेन्सॉरशिपला ठाणे स्टेशन पुरून उरलं.

२००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर लोकल सुरू झाली आणि माझं ऐकणं बदललं. तोवर वाशीच्या कॉलेजला बसने जायचं म्हणजे ठाणे-बेलापूर रोडवरचे खड्डे आणि एमआयडीसीचे वास. आता लेडीज डब्यात खिडकीपाशी अर्धा तास मिळाला. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा. डावीकडे पारसिकचा डोंगर, पावसाळ्यात हिरवागार, मेमध्ये भाजलेला. त्याच सुमारास बाबांनी एमपी थ्री प्लेअर आणून दिला. अंगठ्याएवढा, एक पेन्सिल सेल, जागा १२८ मेगाबाइट. एवढ्या जागेत दोन तासांचंच संगीत मावतं. म्हणजे रोज रात्री ठरवायचं, उद्या कोणते तीन अल्बम न्यायचे आणि कोणते पुसायचे. दशकाचे अल्बम निवडण्याची माझी तालीम तिथेच झाली असं म्हणायला हरकत नाही. 'किड ए', 'इज धिस इट' आणि 'हायब्रिड थिअरी' हे तिन्ही मिळून दोन तासांच्या जरासेच वर जातात. एखादं गाणं बाहेर ठेवावंच लागायचं, आणि ते कुठलं यावरून माझा मूड कळायचा.

ग्रीन डे या अमेरिकन बँडचा 'अमेरिकन इडियट' त्याच वर्षी, २००४ मध्ये, आला. या पंक पोरांनी मोडतोडीवर नामी उपाय काढला. 'जीझस ऑफ सबर्बिया' नावाखाली त्यांनी पाच तुकडे जोडून नऊ मिनिटांचं एकच गाणं केलं, शेवटाकडे 'होमकमिंग'चंही तसंच. एक फाइल, आता करा वेगळं! मुळात तो रॉक ऑपेरा आहे. उपनगरात सडणारा एक मुलगा घर सोडून शहरात जातो आणि तिथे त्याचं फारसं काही चांगलं होत नाही, एवढी गोष्ट. मोठ्या शहराच्या कडेला वाढलेल्याला ती समजावून सांगावी लागत नाही. आता ठाणेकराला तुम्ही मुंबईच्या उपनगरात राहता म्हणून बघा. पहिली रेल्वे १८५३ मध्ये कुठे आली इथपासून सुरुवात होईल. पण शनिवारी संध्याकाळी तलावपाळीला तिसरी फेरी मारताना आमच्यातल्या प्रत्येकाला आपलं खरं आयुष्य चर्चगेटच्या बाजूला कुठेतरी चालू आहे असं वाटायचं, हेही तितकंच खरं. अल्बम राजकीय आहे, इराक युद्धाच्या काळातला आहे, हे सगळं बरोबर. मी तो ऐकला तो कळव्याच्या खाडीवरून जाताना.

लंडनची गायिका एमी वाइनहाउस, तिच्याबद्दल लिहायला लागले तर हा लेख तिचाच होईल. २००६ च्या 'बॅक टू ब्लॅक'वर मार्क रॉन्सन आणि सलाम रेमी या दोन निर्मात्यांचा हात आहे. साज साठच्या दशकातला, शब्द मात्र इतके आजचे आणि उघडे की डब्यात शेजारी बसलेल्या काकूंना ऐकू जात नाहीत ना, हे मी दोनदा बघायचे. हा अल्बम अक्षरानुक्रमे लावला की दुःखाचा क्रम बदलतो, दुःख तेवढंच राहतं.

आणि एम.आय.ए. या तमिळ वंशाच्या गायिकेचा 'काला'. २००७. नाव आईचं. बालपण श्रीलंकेत आणि चेन्नईत, मग लंडन. अमेरिकेचा व्हिसा अडला म्हणून ही बाई जगभर फिरत रेकॉर्डिंग करत राहिली, त्यात चेन्नईही आलं, तिथले उरुमी हा ढोल वाजवणारे घेतले. इंग्रजी पॉपमध्ये आपल्याकडचं ढोलकं म्हणजे तोवर चवीपुरती कोथिंबीर असायची. हिच्याकडे ते पाया आहे. शिवाय तिने 'डिस्को डान्सर'मधलं बप्पी लाहिरींचं 'जिमी' उचलून, इंग्रजी शब्द घालून गायलंय. लहानपणी गणपतीच्या मांडवात ऐकलेलं गाणं समीक्षकांच्या यादीत मानाने बसलेलं बघून मला जो आनंद झाला तो काही उच्च अभिरुचीचा नव्हता. पण होता.

देशी अल्बमांशिवाय यादी करायची नाही ही माझी अट. भाचा म्हणाला, "रॉक आणि पॉप म्हटलंय ना?" म्हटलं, मग इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचं 'कंदिसा' काय आहे? २००० साली आलेला, म्हणजे दशकाच्या अगदी दारातच. शीर्षकगीत अरामेइक भाषेतली प्राचीन प्रार्थना, केरळच्या सीरियन ख्रिश्चनांमध्ये गायली जाणारी. 'मा रेवा' नर्मदेचं. बास गिटारवाला राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेला माणूस, त्यामुळे ते गाणं शोभेचं वाटत नाही. ही कॅसेट मी रीतसर विकत घेतली होती, आणि बी बाजू घासून घासून वाजवली. तबला आणि गळा दोन्ही सांभाळणारा असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेला. दशक संपायला आठवडा होता. याच दशकात हिंदी सिनेमात अमित त्रिवेदीच्या 'देव डी'ने अठरा गाण्यांचा ढीग घातला, त्यात 'इमोसनल अत्याचार' दोनदा, एकदा बँडबाजावर आणि एकदा रॉकमध्ये. सिनेमाच्या गाण्यांना अल्बम म्हणायचं का, यावर पूर्वी मी नाक मुरडलं असतं. अठरा गाणी सलग ऐकली की प्रश्न उरत नाही.

मराठीचं काय? दशकाच्या सुरुवातीला अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांच्या 'ऐका दाजिबा'ने जे केलं ते कुणालाच पुन्हा जमलं नाही. नवरात्रात टेंभीनाक्यापासून लग्नाच्या हॉलपर्यंत एकही स्पीकर त्यातून सुटला नाही. पण ते गाणं म्हणून. अल्बम म्हणून बाकीची गाणी सांग असं भाच्याने विचारलं, आणि घरातल्या चार मोठ्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. तेव्हा कसोटी ती कसोटी.

२००७ च्या १० ऑक्टोबरला रेडिओहेडने 'इन रेनबोज' थेट स्वतःच्या वेबसाइटवर ठेवला. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार संपलेला, नवी कंपनी धरलेली नाही, किंमत तुम्ही ठरवा, शून्य टाकलंत तरी चालेल. जगभर या किमतीवरच चर्चा झाली. माझ्यासाठी बातमी दुसरी होती. तोवर तिकडचं संगीत आमच्यापर्यंत पोचायला महिने लागायचे, कधी वर्षं. आर्केड फायर या कॅनडाच्या बँडचा 'फ्युनरल' २००४ चा, मला मिळाला तेव्हा माझं लग्न ठरलं होतं. 'इन रेनबोज' मात्र त्यांच्या ऑक्सफर्डला जेव्हा मिळाला तेव्हाच आमच्या ठाण्याच्या नौपाड्यात मिळाला. मी आणि माझा चुलतभाऊ एमटीएनएलच्या कनेक्शनवर झिप फाइल उतरताना बघत बसलो होतो. क्रेडिट कार्ड दोघांकडेही नव्हतं, त्यामुळे किंमत ठरवायचा प्रश्न आला नाही. फोल्डर उघडलं. दहा फायली, १६० केबीपीएस, आणि प्रत्येक नावाआधी क्रमांक. बँडनेच घातलेले. 'रेकनर' सातवं आहे कारण त्यांना ते सातवं हवं होतं. आम्ही स्पीकर लावले आणि पहिल्यापासून दहाव्यापर्यंत, मध्ये चहालाही न उठता, ऐकलं. जगातला सर्वोत्तम रॉक बँड त्या दिवशी आमच्या फळीवाल्याचंच काम करत होता, फक्त नीट.

क्रमाची ही किंमत मला आणखी एकदा मोठ्या आवाजात ऐकायला मिळाली, तीही घराजवळ. १५ डिसेंबर २०१९ ला यूटू हा आयरिश बँड, बोनो त्याचा गायक, यांचे लोक नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आले आणि त्यांनी १९८७ चा 'द जोशुआ ट्री' पहिल्या गाण्यापासून अकराव्यापर्यंत त्याच क्रमाने वाजवला. त्या दौऱ्यातला तो शेवटचा कार्यक्रम. पहिल्या बाजूवरची तिन्ही गाजलेली गाणी लागोपाठ संपल्यावर दुसऱ्या बाजूला अर्धं स्टेडियम वडापाव आणायला उठलं. बोनो आणि मंडळी शांतपणे पुढचं गाणं वाजवत राहिली. अल्बमवर विश्वास असावा तर असा.

तेव्हा 'किड ए', 'इज धिस इट', 'हायब्रिड थिअरी', 'कंदिसा', 'अमेरिकन इडियट', 'बॅक टू ब्लॅक', 'काला', 'इन रेनबोज', 'देव डी'. नऊ झाले. एमिनेम, आउटकास्ट आणि बियॉन्से यांची वेगळी यादी लागेल, आणि ती करायला माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत.

दहाव्या जागेवरून आमचं फाटलंय. माझं म्हणणं, पोर्क्युपाइन ट्री या इंग्लिश बँडचा २००२ चा 'इन अ‍ॅब्सेन्शिया'. हा बँड २००९ च्या डिसेंबरात आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवाला पवईत आला तेव्हा ठाण्यातून निम्मी गर्दी गेली असेल. बँडचा म्होरक्या स्टीव्हन विल्सन, त्याच्यासारखा क्रमावर, मुखपृष्ठावर, आवाजाच्या पोतावर जीव टाकणारा माणूस त्या काळात दुसरा नव्हता. तेव्हा अल्बमच्या बाजूने उभा राहिलेला वकील म्हणून तरी त्याला जागा द्या. भाच्याचं म्हणणं, कोल्डप्लेचा 'अ रश ऑफ ब्लड टू द हेड'. तोही २००२ चाच. जानेवारी २०२५ मध्ये डी. वाय. पाटीलला तीन रात्री कोल्डप्ले झालं, त्यातल्या दुसऱ्या रात्री हा होता. हाताला चमकणारा पट्टा बांधून परतीच्या लोकलमध्ये रडत आला. "तू त्यातलं 'क्लॉक्स' कधी हजारो लोकांबरोबर ऐकलंयस?" असं मला विचारतो. मी म्हटलं, गर्दी ही काय कसोटी झाली? तर म्हणे, "मग पवईची निम्मी गर्दी कशाला सांगितलीस?"

यावर मी विचार करतेय तोवर त्याने परस्पर कोल्डप्लेची रेकॉर्ड मागवली आणि बिल माझ्या नंबरवर पाठवलं. तीन हजार चारशे. मी दिले, पण यादीत घेतलेला नाही.